एका पोत्यातले दोन निवडुंग

परभणी जिल्ह्यात जाताना मी केलेल्या यादीत एकवीस वस्तू होत्या आणि त्यातल्या एकोणीस उपयोगी पडल्या. कातडी हातमोजे, लोखंडी सांडशी, बारीक चिमटा, भिंग, सुतळी, नंबर घातलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या, गोणपाटाची तीन पोती, वगैरे. नुसतंच ओझं झालेल्या दोन वस्तू म्हणजे छत्री आणि झाडांच्या नावांचं एक जाडजूड पुस्तक. छत्रीचं समजण्यासारखं आहे, कारण जानेवारीचा शेवट होता. पुस्तकाचं काय झालं ते पुढे येईल.

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात वाळवलेल्या झाडांचा संग्रह सांभाळते. फांदी दाबायची, वाळवायची, कागदावर चिकटवायची, नाव लिहायचं, कपाटात लावायचं. सगळी कपाटं माझ्या शिस्तीत राहतात, एक निवडुंगाचं सोडून. निवडुंग दाबला तर सडतो, वाळवला तर सुरकुततो आणि काटे गळून कागदाच्या घडीत पडतात. शिवाय नावं. आमच्याकडे असे कागद आहेत की ज्यावर एकाच निवडुंगाला चार जणांनी चार वेळा नाव दिलंय आणि आधीचं खोडलंय. त्यातले बरेचसे कागद परभणी जिल्ह्यातले: देवगाव फाटा, चारठाणा, वालूर.

१९९४ च्या त्या जानेवारीत आमच्या सरांनी ठरवलं की आता काटे मोजणं पुरे. विभागात डीएनएच्या प्रती काढणारं यंत्र नुकतंच आलं होतं. झाडाच्या पेशीतला डीएनए काढायचा, त्याचे ठरावीक तुकडे यंत्रात वाढवायचे आणि ते एका पातळ चिकट वडीवर पसरवायचे. मग पट्टे उमटतात. दोन झाडांचे पट्टे जुळले तर ती जवळची, नाही जुळले तर लांबची. सर म्हणाले, “काटा ऊन-पावसाप्रमाणे बदलतो बाई. पट्टे बदलत नाहीत. तुम्ही फक्त पानं घेऊन या. निवडुंगाला बर्फही लागत नाही, पोत्यात घाला आणि आणा.” (ती पानं नसतात, चपटी झालेली खोडं असतात. पण सगळे पानंच म्हणतात, म्हणून मीही म्हणते.)

मला इतका आनंद झाला होता की यादी मी तीनदा स्वच्छ अक्षरात लिहून काढली.

देवगाव फाटा

एसटीतून उतरले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. फाटा म्हणजे फाटाच: तीन दिशांना रस्ते, चहाची दुकानं, एक पंक्चरवाला आणि भोवती नजर पोचेल तिथपर्यंत काळं रान. ज्वारी छातीपर्यंत आलेली, कणसं भरत आलेली. आमच्याकडे डोंगर नजरेला अडवतो. इथे काहीच अडवत नाही, त्यामुळे पहिला तासभर मला उगाच आपण उघड्यावर उभ्या आहोत असं वाटत होतं.

चहावाल्याने माझ्या सांडशीकडे आणि पोत्यांकडे बराच वेळ पाहिलं.

“साप धरायला आलात का ताई?”

“नाही. निवडुंग न्यायला आलेय. त्याचं नाव नक्की करायचंय.”

“नाव नाही का त्याला?”

“चार आहेत. त्यातलं खरं कोणतं ते बघायचं.”

बाकावर बसलेले दोघे-तिघे हसले. विद्यापीठाचं नामांतर होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते आणि फाट्यावर दुसरा विषय नव्हता. चहावाला कप विसळत म्हणाला, “नावाचं काम सोपं न्हाई ताई. आमाला सोळा वर्षं लागली. तुमी किती दिसाची सुट्टी काढून आलात?”

“पाच.”

“मंग चहा पिऊनच घ्या.” त्याने पैसे घेतले नाहीत. नामांतराच्या आनंदात तो महिनाभर परगावच्या माणसाचे पैसे घेणार नाही, असं त्याने सांगितलं.

आणि मग तो मला दुकानामागे निवडुंग दाखवायला घेऊन गेला. हिरव्या काठ्या, तीन धारा, दोन-दोन काटे. मी नखाने ओरखडा काढला, पांढरं दूध आलं. दूध आलं की तो निवडुंगाच्या कुळातला नाही, हे मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना दरवर्षी सांगते. तो इथलाच, एरंडाच्या नात्यातला. खरा निवडुंग अमेरिकेतून आलेला, काही शतकांपूर्वीचा पाहुणा. दोघांनी उन्हापुढे एकच रूप घेतलं, म्हणून आपण दोघांना एका नावाने हाक मारतो. चहावाल्याला हे पटलं नाही. “दोन्ही टोचतेत,” तो म्हणाला. रस्त्याच्या कडेला फड्या निवडुंगाची जाळी होती, तिथून मी सांडशीने सात पानं घेतली, प्रत्येकाला चिठ्ठी बांधली आणि वहीत नोंद केली.

चारठाणा

चारठाण्याला मी मंदिरं पाहायची नाहीत असं ठरवून गेले होते, कारण यादीत ती नव्हती. पण गावात शिरल्यावर दगडच समोर येतात. घराच्या जोत्यात कोरीव दगड, गोठ्याशेजारी खांब, आणि मध्येच एक उंच दगडी स्तंभ, ज्याच्याकडे बघताना माझी मान दुखली. तास गेला. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

निवडुंग एका पडक्या देवळामागे होता. अर्धा उन्हात, अर्धा भिंतीच्या सावलीत. सावलीतल्या पानांवर काटे जवळजवळ नाहीतच, उन्हातल्यांवर भरपूर. नेमकी अशीच झाडं बघून कुणीतरी कधीतरी दोन नावं दिली असणार आणि दुसऱ्याने येऊन ती एक केली असणार. मी बारा पानं घेतली. देवळात दिवा लावायला आलेल्या एका आजींनी विचारलं की हे कशावर औषध आहे. औषध नाही, मी म्हटलं, हे कुणाचं कोण ते बघायचंय. “सोयरीक बघायलीस म्हण की,” त्या म्हणाल्या आणि मला दोन केळी दिली.

रात्री मुक्कामी ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि तेल न घालता केलेलं घट्ट वरण. पुण्यात आम्ही वरणात गूळ घालतो हे सांगितल्यावर घरच्या बाई माझ्याकडे दयेने बघत राहिल्या.

वालूर

वालूरला बाबाराव मोटरसायकल घेऊन उभे होते. बाबाराव हे आमच्या विभागातल्या कारकुनाचे मामा, पंधरा एकरांचे शेतकरी, पन्नाशीचे, हसरे. पोतं कुठे ठेवायचं यावर आमची चर्चा झाली. शेवटी मी ते मांडीवर घेतलं आणि वालूर ते त्यांचं रान या अंतरात माझ्या लक्षात आलं की एकविसांच्या यादीत जाड सतरंजी हवी होती.

रानाच्या कडेला धनगराची वस्ती होती, तिथे त्यांनी गाडी थांबवली. एक झोपडी, मेंढ्यांचा वाडा, आणि वाड्याभोवती माणसापेक्षा उंच फड्याचं जुनं कुंपण. झोपडीच्या दारात साठीच्या बाई बसल्या होत्या.

“केवळाबाई, ह्या पुण्याच्या ताई. पोतं हितं राहू द्या. चला ताई, हुरडा गरम खायचा असतो.”

मी पोतं दारात ठेवलं आणि गेले. संपूर्ण प्रवासात मी केलेली ही एकच ढिलाई.

हुरड्याबद्दल मी थोडक्यात लिहू शकत नाही. गोवऱ्यांच्या आरात कोवळी कणसं भाजायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची, फुंकर मारायची, आणि हिरवे गोड दाणे लसणाच्या चटणीबरोबर खायचे. बाबाराव चोळत होते, मी खात होते. खाता खाता ते म्हणाले, “परवा ट्रॅक्टर यायलाय. नाल्याकाठचा सगळा फड्या उपटून काढायचा. आन् केवळाबाईचं कुंपण बी.”

“ते का?”

“कुंपण माझ्या बांधावर हाय. फड्या पसरायलाय ताई. हे बघा, माझ्या ज्वारीत तीन झाडं उगवली. मागच्या साली बैलाच्या खुरात काटा मोडला, दीड महिना जनावर उभं. मी तिला सांगितलं, बोराटीच्या वाळक्या काट्यांचं कुंपण घालून देतो.”

“मग?”

“बोराटी शेळ्या उन्हाळ्यात खाणार का, म्हन्ती.”

त्यात काय अडकलंय ते मला वस्तीवर परतल्यावर कळलं. पण त्याआधी दुसरंच कळलं.

दाराशी जाळ पेटला होता. केवळाबाईंनी एका काठीच्या टोकाला निवडुंगाचं पान खोचलं होतं आणि ते ज्वाळेवर फिरवत होत्या. शेजारी पानांची रांग, स्वच्छ, काळे ठिपके पडलेली. माझं पोतं घडी करून ठेवलेलं.

“काटे काढून ठेवलेत ताई,” त्या म्हणाल्या. “आता खुशाल हातात धरा.”

मी मोजली. सोळा.

“एकोणीस होती.”

“तीन शेळीनं खाल्ली. लक्ष जरा हिकडं होतं.”

“आणि चिठ्ठ्या?”

“त्या पुठ्ठ्याच्या? जळाल्या की.”

मी खाली बसले. बाबाराव कपाळाला हात लावून म्हणाले, “केवळाबाई, ते भाजायला न्हवतं आणलं.”

“मंग कशाला आणलं?” त्यांना खरंच कळेना. “वैशाखात रान उघडं पडलं की आमी दुसरं करतो काय? फड्या तोडायचा, भाजायचा, चिरून जनावराला टाकायचा. दारात फड्याचं पोतं आलं म्हंजी भाजायलाच आलं. पाहुनीच्या हाताला टोचंल म्हणून दुपारचं जेवण टाकून बसले मी.”

मी त्यांना सांगितलं की मला त्या पानांच्या आतलं जिवंत बीजच बघायचं होतं, आणि उकडलेल्या अंड्यातून जसं पिल्लू निघत नाही तसं भाजलेल्या पानातून ते नीट निघत नाही. त्यांनी काठी खाली ठेवली. मग भाजलेल्या रांगेकडे बोट करून म्हणाल्या, “चुकलं माझं. पर एक विचारू का? दोन जातीचं तुमी एकाच पोत्यात कामून भरलं?”

“दोन?”

“हे गोडा. हे कडू.” त्या उठल्या आणि सोळा पानं भराभर दोन ढिगांत टाकली. “गोड्याचे काटे एका झोतात जातेत. कडूला तीनदा फिरवावं लागतं, तरी बारीक कुसळ राहतंच. शेळीला इचारा. तिनं खाल्ली ती तिन्ही गोडीच असणार.”

मी भिंग काढलं. भाजलेल्या पानांवर काय दिसणार, पण काटे जळून गेल्यावर उरलेल्या ठिपक्यांतलं अंतर दिसलं. एका ढिगात ते दाट, दुसऱ्यात विरळ. दाट-विरळ सावलीनेही होतं, त्यामुळे याचा अर्थ काहीच नाही, असं मी स्वतःला लगेच बजावलं, आणि तरीही दोन्ही ढीग पुन्हा मोजले. गेली तीस वर्षं आमच्या कपाटासाठी कुणीही निवडुंगाला जाळावर धरून पाहिलेलं नव्हतं.

केवळाबाईंना माझ्या कपाटाशी घेणं नव्हतं. त्या बाबारावांकडे वळल्या. “ऐकलं का? दोन हायत. पसरतोय तो नाल्यातला कडू. माझा गोडा सासऱ्यानं लावला तितंच उभा हाय. तीस मेंढरं, सात शेळ्या, दर उन्हाळ्याला त्याच्यावर तगतेत. तो काढलास तर मला वैशाखात कळप इकावा लागंल.”

“फड्या तो फड्या. गोडा म्हणा, न्हाई तर साखर म्हणा.” बाबाराव माझ्याकडे बघू लागले. “ताई, तुमी शिकलेल्या. पुस्तकात काय लिवलंय? दोन का एक?”

मी पुस्तक काढलं. खरं तर काढायची गरज नव्हती, ते पान मला पाठ होतं. पण त्यांनी विचारलं, म्हणून मी पान उघडून वाचलं. सगळ्या दख्खनच्या कोरड्या भागातला फड्या निवडुंग, नाव एक.

केवळाबाई उठल्या. आत गेल्या आणि भांडी घासायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बांधावर

मी रात्रभर हिशेब करून एक प्रस्ताव तयार ठेवला होता. बाबारावांना मी तो बोटांवर सांगितला. पुस्तक लिहिणाऱ्याने वाळकी झाडं पाहिली, आम्ही आता आतला डीएनए पाहणार. दोन जाती आहेत की एक, ते त्यातून दिसेल. वेळ लागेल, दोन-तीन महिने. तोवर नाला साफ करा, पण कुंपण राहू द्या. पत्र मी लिहीन.

बाबाराव बांधावर उकिडवे बसले. ढेकूळ फोडत बराच वेळ विचार केला.

“नाला, कुंपण, दोन्हीचं न्या. आन् माझ्या रानातल्या तिन्ही झाडांचं बी न्या. ती नाल्यातली निघाली तर कुंपण राहील. कुंपणाची निघाली तर उन्हाळ्यानंतर काढणार. पत्रात असंल तसं. मान्य का केवळाबाई?”

“मान्य,” केवळाबाई म्हणाल्या. पण लगेच नाही.

नमुने घेताना त्या माझ्याबरोबर होत्या. चिठ्ठ्या उरल्या नव्हत्या, तर त्यांनी कमरेची छोटी सुरी काढली. मेंढ्यांचे कान ज्या सुरीने कातरतात ती. कळप मिसळले तर आपली मेंढी कानाच्या कापावरून ओळखायची. त्यांनी पानाच्या वरच्या कडेला ठिकाणाचे काप घातले, बाजूला झाडाचे. मी वहीत तशीच चित्रं काढली. पाऊस लागो, जाळ लागो, ही खूण जात नाही. पुण्याला आल्यावर मी ही पद्धत विभागात लागू केली आहे.

नाल्यातून दोन, कुंपणातून दोन. मग ज्वारीतली तीन झाडं. पहिल्या आणि तिसऱ्याचं पान त्यांनी झटक्यात तोडून दिलं. मधल्याजवळ थोड्या रेंगाळल्या. “हे बी घ्यायलाच पाहिजे का?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी तेही तोडून दिलं. त्यांचं हे विचारणं मी तेव्हा वहीत लिहिलं नाही.

परत चारठाणा, परत देवगाव फाटा

जळालेले नमुने पुन्हा गोळा करायचे होते आणि केवळाबाईंनी ठरवलं की चूक त्यांची, म्हणून त्याही येणार. मेंढरं जावेकडे सोपवून त्या स्वच्छ लुगडं नेसून, फडक्यात भाकरी बांधून एसटीत माझ्या शेजारी बसल्या. कंडक्टरने पोत्याकडे पाहिलं.

“काय हाय त्यात?”

“नवरदेव,” केवळाबाई म्हणाल्या. “सोयरीक जमवायला नेतोव.”

गर्दीच्या गाडीत आमच्या बाकावर तिसरं कुणी बसलं नाही. मी इतक्या ऐसपैस एसटीत कधी प्रवास केलेला नाही.

दुपारी त्याच पडक्या देवळाच्या सावलीत आम्ही जेवलो. भाकरीवर घोळीची भाजी होती, मळ्यातली, आंबटसर. मी दोन घास खाल्ले आणि मला राहवेना. “केवळाबाई, ही घोळ आहे ना, ती फड्याच्या जवळच्या नात्यातली. डीएनएने ते दिसायला लागलंय. दूध निघतं तो काटेरी खांब फड्यासारखा दिसतो, पण त्याचा कुणी नाही. आणि ही जमिनीवर पसरणारी बारकी भाजी त्याची भावकी.”

मला वाटलं, त्या चकित होतील. माझे विद्यार्थी होतात. त्यांनी शांतपणे घास गिळला. “असंलच की. दोन्ही चिकट, दोन्ही आंबट, दोन्ही तोडून टाकली तरी आठ दिस मरत न्हाईत. तुमाला हे आत्ता कळायलंय व्हय?”

मी पुढचा घास खाल्ला.

देवळामागे आणि मग फाट्यावर पानं घेताना त्यांनी प्रत्येक झाडाजवळ थांबून गोडा की कडू ते सांगितलं, पोत्यातल्या वालूरच्या सातांचंही सांगितलं, आणि मी ते वहीच्या वेगळ्या पानावर नुसतं नंबरापुढे लिहून घेतलं, सरांना न दाखवण्यासाठी. पट्टे उमटल्यावर मगच उघडायचं. चार झाडं चारठाण्याची, चार फाट्याची, सात वालूरची, एकूण पंधरा. फाट्यावर चहावाल्याने विचारलं, नाव नक्की झालं का. केवळाबाई म्हणाल्या, “माझं पक्कं हाय. ह्यांचं व्हायचंय.”

त्यांना वालूरच्या गाडीत बसवताना मी म्हटलं, पत्र लवकर पाठवते. त्या खिडकीतून म्हणाल्या, “लवकर नको. बराबर पाठवा.”

पुणे

प्रवास इथे संपायला हवा, पण खरी गंमत पुढचीच होती.

निवडुंगाच्या पानात भरपूर बुळबुळीत रस असतो. उन्हाळा काढण्यासाठी तो पाणी धरून ठेवतो. डीएनए काढायला गेलं की हा रस सगळ्याला मिठी मारतो. पहिल्या महिन्यात आमच्या नळ्यांत फक्त चिकट लापशी तयार होत होती. सर वैतागले, दोन विद्यार्थी वैतागले. शेवटी मी बटाटा सोलायच्या साधनाने वरची हिरवी साल तेवढी कागदासारखी पातळ काढली, आतला गर फेकून दिला, आणि लापशी थांबली. हे साधन आता विभागाच्या यादीत आहे.

एप्रिलमध्ये एका दुपारी वडीचा फोटो हातात आला. काळ्या पार्श्वभूमीवर पंधरा उभ्या रांगा, प्रत्येकीत पांढरे आडवे पट्टे, दुकानातल्या फळीवर मांडलेल्या डब्यांसारखे. आणि रांगांचे दोन प्रकार. भिंगही लागलं नाही. एका प्रकारात वरून तिसरा जाड पट्टा होता, दुसऱ्यात तो नव्हताच आणि खाली दोन बारीक जास्तीचे होते. आम्ही यंत्र तीनदा फिरवलं, तिन्ही वेळा तेच. मी वहीतलं केवळाबाईंचं पान उघडून शेजारी ठेवलं. पंधरापैकी चौदा त्यांनी बरोबर सांगितली होती. चुकलं ते चारठाण्याच्या सावलीतलं एक.

सर खोलीत फेऱ्या घालत होते. “दोन वेगळे वंश आहेत बाई, नक्की. पण नाव इतक्यात नाही. जुनं नाव या दोघांपैकी कुणाला लागू ते ठरवायला तिकडची मूळची झाडं बघावी लागतील. तोवर गट एक आणि गट दोन.” मी रजिस्टरात तसंच लिहिलं. स्थानिक नावाच्या रकान्यात गोडा आणि कडू.

मग मी वालूरच्या ओळी पाहिल्या. नाल्यातले दोन कडू. कुंपणातले दोन गोडा. बाबारावांच्या ज्वारीतली तीन, म्हणजे तेरा, चौदा आणि पंधरा. तेरा कडू. पंधरा कडू. चौदा गोडा. केवळाबाईंच्या पानावरही चौदासमोर गोडा असंच लिहिलं होतं. लिहिताना मीच ते लिहिलं होतं आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

सर म्हणाले, “दोन जाती आहेत एवढं कळवा. बाकी त्यांच्या बांधाचा प्रश्न, आपला नाही.”

मी तीन मसुदे केले. एकात चौदाचा उल्लेख नव्हता. तो वाचला तर पत्र छान झालं होतं, केवळाबाईंचं कुंपण वाचत होतं आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी तो फाडला. बाबारावांनी तिन्ही झाडांचं विचारलं होतं. पंधरा ओळींची यादी पंधरा ओळींचीच गेली पाहिजे. मी सगळं लिहिलं: दोन जाती वेगळ्या आहेत, रानातली दोन झाडं नाल्याची आहेत, आणि मधलं एक कुंपणाच्या जातीचं आहे. पत्र पेटीत टाकल्यावर दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

बाबारावांचं उत्तर मेमध्ये आलं, आंतरदेशीय पत्रावर, निळ्या शाईत.

“सौ. ताईंना नमस्कार. पत्र मिळाले, चावडीवर मोठ्याने वाचले. दोन जाती मान्य. मधल्या झाडाचे केवळाबाई म्हणतात की ते पसरून आलेले नाही, माझ्या वडिलांच्या वेळी बाईंनी स्वतः लावले. वडील उन्हाळ्यात रानात त्यांच्या मेंढ्या बसवून घेत, खत होते म्हणून, तर कोपरा ओळखायला खूण लावली म्हणतात. मला हे आठवत नाही. वडील आता नाहीत. मी म्हणतो झाड चालत आले, त्या म्हणतात लावले. तरी हाताने लावलेले आणि आपोआप पडून रुजलेले, यातला फरक तुमच्या मशीनवर दिसतो का, ते कळवावे. दिसत असल्यास तसे करू.”

मी सरांकडे गेले. प्रश्न ऐकून ते खूश झाले, कारण प्रश्न चांगला होता. निवडुंगाचं पान गळून मातीत पडलं काय किंवा कुणी हाताने खोचलं काय, त्यातून उभं राहणारं झाड आईची हुबेहूब प्रत असतं. पट्टे तेच, शेवटच्या रेषेपर्यंत. कोणाच्या हाताने लागलं ते त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. जगातलं कुठलंही यंत्र हे सांगू शकणार नाही.

मी एका ओळीचं पत्र पाठवलं: फरक दिसत नाही, कधी दिसणारही नाही.

त्या सकाळी केवळाबाई मधल्या झाडाजवळ का रेंगाळल्या होत्या, याचा मी बराच विचार केला. आपलं झाड दुसऱ्याच्या रानात सापडेल या भीतीने, की लावल्याची आठवण झाली म्हणून, हे मलाही सांगता येत नाही.

महिन्याभराने कार्ड आलं. एकच वाक्य होतं, खाली बाबारावांची सही आणि तिच्या शेजारी निळ्या शाईतला एक अंगठा.

“मशीनला सांगता येत नसेल, तर केवळाबाईचंच खरं धरलं.”